मशीनची धाप

थंडोबा हे नाव त्यांना बायकोनं दिलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. घरात दूध उतू जावो नाहीतर कुणी रुसून दार आपटून जावो, हा माणूस आधी हातातला कप खाली ठेवणार, मग उठणार आणि मग पायाशीच असलेली चप्पल शोधणार. एकदा ती जिन्यातून ओरडली, "अहो थंडोबा, हलताय का जरा?" आणि ते खालच्या मजल्यानं ऐकलं. तेवढं पुरलं. दुकानावरची पाटी मेव्हण्याच्या नावाची आहे, पण कॉम्प्युटर तापतोय म्हणून चेहरा पाडून आलेलं गिऱ्हाईक कोपऱ्यावर विचारतं ते थंडोबांचं दुकान कुठंय, असंच.

नाव मिळालं तेव्हा ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. अशा कारखान्यात मान असतो भट्टीवाल्यांचा. थंडोबा होते अगदी दुसऱ्या टोकाला. साच्यातून निघालेली लाल बाटली तशीच उघड्यावर ठेवली तर ती वरून निवते आणि आतून धुमसत राहते, आणि मग केव्हातरी, कुणी बोटसुद्धा लावलेलं नसताना, तडकते. म्हणून तिला एका लांबलचक बोगद्यातून सावकाश पुढे सरकवतात. इकडून तापलेली आत जाते, तिकडून हाताला सोसेल इतकी निवून बाहेर येते. त्या बाहेरच्या तोंडाशी एका स्टुलावर थंडोबा बसत. तडकलेली बाटली बाजूला काढायची, बोगद्याच्या उष्णतेवर नजर ठेवायची, एवढंच काम. दुसऱ्या कुणाला तिथं बसवलं की तो आठवड्यात कंटाळून बदली मागायचा. हे मात्र हिरव्या, तपकिरी, पाण्याच्या रंगाच्या बाटल्या शहाण्या मुलींसारख्या रांगेनं येताना बघत तासन्‌तास बसायचे. डोळे उघडे, हात कामावर आणि मन कुठल्या कुठे. घरी आल्यावर बायको विचारायची, आज काय झालं कारखान्यात? यावर ते खूप विचार करून सांगायचे, आज निळ्या होत्या.

पुढे सगळ्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या धरल्या आणि भट्टी विझली. बायकोच्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं भाऊजींना बसवून घेतलं खरं, पण तुम्हाला यातलं काय येतं, असंही विचारलं. थंडोबा म्हणाले, "निववता येतं." मेव्हणा हसला होता. आता हसत नाही, कारण दुकानाचं अर्धं नाव त्याच गोष्टीवर आहे.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काउंटर आणि मेव्हण्याची बडबड, मागच्या खोलीत लांब टेबल, मान वाकवणारा दिवा आणि थंडोबा. गिऱ्हाईक फारच खोलात शिरलं तर मेव्हणा त्याला मागे पाठवून देतो. मग थंडोबा हातातलं काम थांबवून सांगतात. प्रोसेसरची पाठ आणि तिच्यावर बसवायचा धातूचा ठोकळा, दोन्ही आरशासारखे दिसतात, पण दिसतात तेवढंच. बोटाला कळणार नाहीत असे बारीक चरे दोघांनाही असतात. त्या चऱ्यांत हवा बसते, आणि हवा म्हणजे उष्णतेच्या अंगावर घातलेली गोधडी. पेस्ट त्या चऱ्यांत शिरते आणि हवेला हुसकून लावते. तीसुद्धा मसुराच्या दाण्याएवढीच घालायची, जास्त झाली की तिचीच गोधडी होते. आणि जिथं फट डोळ्यांनी दिसण्याइतकी मोठी असते तिथं पेस्टचं काम नाही, तिथं पॅड. मऊ, राखाडी, कात्रीनं कापून बसवायचा. त्याच्या दोन्ही अंगांचा पातळ कागद सोलायला विसरलात की मुसळ केरात.

हे सगळं त्यांनी एकदा बायकोलाही सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमच्या बहिणीच्या आणि माझ्या मध्ये लावून बघा की थोडी." थंडोबांनी खरोखरच विचार केला. "तिथं पॅडच लागेल," ते म्हणाले, "तोही जाड." हा विनोद त्या घरात अजून चालतो. बहीण आली की मात्र बंद असतो.

थंडोबांना कौतुकाची फार हौस नाही. एकच वाक्य त्यांना ऐकायला आवडतं. दुरुस्त झालेलं मशीन चालू करून दिलं की गिऱ्हाईक कान जवळ नेतं आणि गोंधळून विचारतं, "चालू आहे ना हे?" विमानासारखं घोंघावणारं यंत्र आपल्या हातून गेल्यावर माजघरातल्या मांजरासारखं गप्प बसावं, यातच त्यांना सगळं मिळतं.

आणि तरी दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. गावभरच्या मशिनांची धाप उतरवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात, मधल्या खोलीत, एक मशीन दोन वर्षं धापा टाकत होतं.

ते सुनेचं होतं. तिनं ते पहिल्या पगारातून घेतलेलं आणि लग्नानंतर मांडीवर धरून या घरात आणलेलं. सून चलच्चित्रं करते, म्हणजे कॉम्प्युटरवर आकार घडवून त्यांना प्रकाश देते, हालवते, आणि मग मशीन ते एकेक चित्र बारीक चौकोनांनी भरत पूर्ण करतं. मुलगा पुलांच्या कामावर, महिना महिना बाहेर. घरात सासू, सासरा, सून आणि आता तीन महिन्यांची नात. नातीचं नाव अजून ठरायचं होतं, त्यामुळे जो तो तोंडाला येईल ते म्हणे. आजी चिमणी म्हणायची, थंडोबा नुसतं "ही".

मशीन उघडू का, असं थंडोबांनी सुनेला मागं एकदा विचारलं होतं. तिनं, राहू द्या बाबा, चालतंय, असं म्हणून ते टाळलं. त्यांनाही बरं वाटलं, सुनेच्या सामानाला सासऱ्यानं हात कशाला लावावा. शिवाय ती पोटुशी असताना त्या मशीनशेजारीच दिवसचे दिवस बसून काम करायची, तेव्हा तिला उठवायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

पण मशीन आता चालता चालता बंद पडायला लागलं होतं. आणि हातात काम होतं ते साधं नव्हतं. मुलांच्या एका संग्रहालयात गोल दालन बांधत होते, त्याच्या छतभर समुद्र दाखवायचा होता. मुलं जमिनीवर आडवी पडणार आणि वरून जेलीफिश जाणार, असं. ऑफिसनं बाळंतपणानंतर सुनेला हे पहिलं काम दिलं होतं, तेही घरून करायला, आणि सांगितलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी हे पोचलं तर पुढचीही कामं घरून, नाहीतर तिला त्यांच्या शहरात येऊन राहावं लागेल. तिथं जायचं म्हणजे बाळाला घेऊन एकटीनं राहायचं, किंवा नोकरी सोडायची. ती हे एकदाच बोलली, जेवताना. तेव्हा वाढताना सासूचा हात थांबला होता.

म्हणून रविवारी थंडोबांनी मशीन उघडलं. जमिनीवर जुनी चादर अंथरली, स्क्रू एका बशीत ठेवले. जुनी पेस्ट वाळून तिला भेगा पडल्या होत्या, पॅड जुन्या खोडरबरासारखे बोटाखाली चुरत होते. सून दाराशी बाळाला घेऊन उभी होती, आपल्या माणसाचं ऑपरेशन चालू असल्यासारखी. थंडोबांनी स्पिरिटनं दोन्ही पाठी पुसल्या, इतक्या की त्यांत दिव्याचं प्रतिबिंब दिसायला लागलं. पॅड मापून कापले, कागद सोलले. मग पेस्टचा दाणा, मग ठोकळा, मग स्क्रू. समोरासमोरचे, एकेक अर्धा फेरा, कुणालाच दुसऱ्यापेक्षा जास्त नाही. चालू केल्यावर सून जवळ आली, वाकली, आणि म्हणाली, "बाबा, चालू आहे ना हे?"

थंडोबांनी स्क्रूंची रिकामी बशी उचलली. त्या दिवशी ते बायकोनं न सांगता भाजी आणायला गेले, यावरून तिला काय ते कळलं.

सोमवारी बाळ दुपारी झोपलं नाही.

लहान मूल आहे, एखादा दिवस होतं असं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मंगळवारीही तेच. पाळण्यात ठेवलं की डोळे टक्क उघडे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे, आणि मग रडणं. पोट तपासलं, कान पाहिले, दुपटी बदलली. मशीन एकटं चित्रं काढतं हे खरं, पण कुठल्या जेलीफिशवर उजेड जास्त पडला, कुठली पाण्यातून निसटून हवेत गेल्यासारखी दिसते, हे बघायला सून लागतेच. शेवटचे दोन तुकडे तर अजून घडायचे होते. ते काम ती बाळाच्या झोपेत करायची. आता झोपच नव्हती.

उलगडा सासूला झाला. मंगळवारी ती पाळणा हलवता हलवता थांबली आणि खोलीकडे कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. "अहो," ती म्हणाली, "हिला ते घोंघावणं पाहिजे."

म्हटलं तर हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण हिशेब जुळत होता. पोटात असल्यापासून ते पोर त्याच आवाजात वाढलेलं. जन्मल्यावरही दुपारची प्रत्येक झोप त्याच आवाजात. बाकीच्या मुलांना अंगाई लागते, हिची अंगाई थंडोबांनी रविवारी बशीत काढून ठेवली होती. "करायला गेलात काय आणि झालं काय," असं बायको म्हणाली, आणि त्यात राग नव्हता म्हणून थंडोबांना जास्त लागलं.

मग घरात गुरगुरणारी जेवढी म्हणून वस्तू होती तेवढी पाळण्यापाशी आणून झाली. टेबलफॅन आला, केस वाळवायचं यंत्र आलं. आजीनं स्वयंपाकघरातून मिक्सर लावून पाहिला, तेव्हा बाळ असं दचकलं की सून पहिल्यांदाच सासूकडे तिरक्या नजरेनं बघून गेली. मोबाइलवर पंख्याचे, ओढ्यांचे, वाऱ्याचे आवाज मिळतात, तेही लावले. थंडोबांनी मशीनचे पंखे सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण वेगावर सोडले. बाळानं क्षणभर ऐकलं, भिवया उंचावल्या, आणि हे ते नव्हे असं कळल्यावर गळा काढला. फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकासारखी ती रडते, असं थंडोबांना वाटलं. पंखे त्यांनी होते तसे करून ठेवले.

"परत बिघडवा ना मग," बायको म्हणाली. ती थट्टेनंच म्हणाली होती. पण सून तिथंच भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांखाली काळं, आणि ती हसली नाही.

बुधवारी थंडोबा दुपारी जेवायला आले तर जिन्यातच त्यांना तो आवाज आला. घशातून येणारा, दमलेला, जुना. ते पायरीवर थांबले. आपण रविवारी केलं ते स्वप्नात केलं की काय, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं. घरात शिरले तेव्हा आजी बोटानं त्यांना गप्प करत होती आणि पाळण्यात बाळ झोपलेलं होतं, तोंड अर्धं उघडं. आजी डोळ्यांनीच सांगत होती की बघा, आपोआप आलं ते परत.

आपोआप काही येत नाही, हे थंडोबांना ठाऊक होतं. ते मधल्या खोलीच्या दाराशी पोचले, तोच खट्‌ झालं आणि सगळं गप्प झालं. पडद्यावरचा समुद्र काळा झाला. मागं पाळण्यात बाळ जागं झालं.

सून मशीनपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिच्या हातात बाळाचं दुपटं होतं, घडी घातलेलं, आणि दुसरं अजून मशीनच्या पुढच्या जाळीत ठासलेलं. वरच्या जाळीवर उशी होती. थंडोबांनी उशी उचलली, दुपटं ओढून काढलं. ते इस्त्री केल्यासारखं गरम होतं. त्यांनी मशीनच्या पाठीवर हात ठेवला आणि उचलला.

"बाबा, मीच केलं," सून म्हणाली. "मला वाटलं, थोडा वेळ घोंघावेल. तेवढ्यात एक तुकडा होईल."

थंडोबांनी दुपटं झटकून घडी केली, तिच्या हातात दिलं. बाहेरून आजीनं विचारलं की काय झालं हो. ते म्हणाले, "तापलं होतं. बघतो."

पुन्हा चादर, पुन्हा बशी. उघडल्यावर त्यांना दिसलं की पॅडच्या कडांना तेलाचा किंचित ओलावा सुटलाय, बाकी सगळं जागच्या जागी. प्रोसेसर स्वतःच स्वतःला वाचवायला बंद पडला होता. त्यांनी कडा पुसल्या, पॅड बदलले, ठोकळा उचलला गेला होता म्हणून पेस्टही नवी घातली. हे करत असताना सून शेजारी बसून राहिली. ती रडली नाही, पण मधेच म्हणाली की तिला झोपेत सुद्धा जेलीफिश दिसतात आणि त्या सगळ्या रडत असतात. थंडोबा म्हणाले, बाटल्या कधी रडायच्या नाहीत, पण दिसायच्या. तिला ते काय म्हणतात ते कळलं नाही, तरी बरं वाटलं असावं, कारण तिनं पुढचा स्क्रू त्यांच्या हातात दिला.

मशीन सुरू झालं. झालेली चित्रं शाबूत होती, फक्त चालू असलेलं एक गेलं. पण दुपार गेली होती, आणि मशीन पुन्हा मांजर झालं होतं.

गुरुवारी त्यांनी मेव्हण्याला सांगून सुट्टी घेतली. मेव्हण्यानं कारण विचारलं. नात झोपत नाही म्हटल्यावर तो काउंटरवर बसलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की भाऊजी, तुम्ही तरी झोपाल ना मग. थंडोबांनी मान हलवली. तो टोमणा त्यांना सल्ल्यासारखा वाटला.

दुपारी आजी बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझारा घालत होती. सून पडद्यासमोर बसली होती, एक कान गॅलरीकडे. थंडोबांना काही सुचत नव्हतं, म्हणून ते मशीनच्या मागे, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले. तिथून पडदा तिरका दिसत होता. त्यावर निळं पाणी चौकोना-चौकोनानं भरत होतं. आधी धुकं, मग धुक्यात एक छत्री, मग छत्रीला लोंबणारे प्रकाशाचे दोरे. चित्र पूर्ण झालं की ते क्षणभर तसंच राही आणि मग पुन्हा धुक्यापासून सुरुवात. खिडकीचा पडदा ओढलेला होता, खोलीभर पाण्याचा उजेड होता. थंडोबांचे डोळे उघडे होते, पण ते तिथं नव्हते.

ते बोगद्याच्या तोंडाशी होते. स्टुलावर. बाटल्यांची एक रांग आली, मानेला ऊब लागली. रांग पुढे गेली, ऊब ओसरली. दुसरी रांग आली. बाटल्यांत समुद्र होता, प्रत्येकीत थोडा थोडा, आणि आत छत्र्या उघडत मिटत होत्या. ऊब आली, गेली. ऊब आली. कुणीतरी मागं उभं राहून श्वास घेत असल्यासारखं.

मग त्यांना वाटलं, पण कारखाना तर बंद झाला. मग मानेवर कोण श्वास घेतंय?

ते जागे झाले, म्हणजे होते तिथंच, पण आता तिथं असलेले. मशीनच्या मागच्या जाळीतून येणारा वारा त्यांच्या मानेवर येत होता. त्यांनी हात मागं नेला आणि तळवा जाळीसमोर धरला. ऊब. चित्र पूर्ण झालं. तळव्यावरची ऊब किंचित कमी झाली. नवं धुकं सुरू झालं, ऊब परत चढली. पंखा मात्र एकाच संथ चालीनं फिरत होता, न चढता न उतरता.

जुन्या पेस्टमध्ये उष्णता अडकून बसायची. चित्र सुरू झालं की ती उसळे, पंखा तिच्या मागे जिना चढल्यासारखा धापा टाकत वर जाई, चित्र संपलं की खाली येऊन बसे. पुन्हा चढे. बाळ पोटात असल्यापासून ऐकत होतं ते हे, चढणं आणि उतरणं. सगळ्या पंख्यांना एकदम पूर्ण वेगावर सोडलं तेव्हा ती का रडली, तेही त्यांना कळलं. त्यात कुणी जिना चढत नव्हतं. श्वास अजून होता, फक्त तो ऐकू येत नव्हता. तो गप्प केला होता तो त्यांनीच, चांगलं काम करून.

"अगं," ते सुनेला म्हणाले, "त्या पंख्याची रेघ उघड बघू."

सेटिंगमध्ये एक रेघ असते. उष्णता इतकी झाली की पंखा इतका फिरेल, असं सांगणारी. रविवारी थंडोबांनीच ती अलगद टेकडीसारखी आखली होती, आणि पंख्यानं छोट्या चढउतारांकडे लक्ष देऊ नये म्हणून मध्ये थोडा उशीरही ठेवला होता. गिऱ्हाइकांना शांतता मिळते ती अशीच. आता त्यांनी सांगितलं, ही रेघ उभी कर. आणखी उभी. जिन्यासारखी. आणि तो उशीर काढून टाक, थोडं तापलं की लगेच पळू दे त्याला, निवलं की लगेच बसू दे. सुनेनं दोनदा विचारलं की मशीनला काही होणार नाही ना. होणार काहीच नव्हतं, उलट ते जास्तच गार राहणार होतं. फक्त ओरडणार होतं.

तिनं बटण दाबलं. धुकं सुरू झालं आणि पंखा उठला. घशातून नव्हे, जाळ्या मोकळ्या होत्या, आवाज स्वच्छ होता, पण चढला. चित्र भरत गेलं तसा चढत गेला. पूर्ण झालं, खाली आला. आणि परत.

गॅलरीतल्या येरझारा थांबल्या. आजी दारात आली. बाळाचं डोकं तिच्या खांद्यावरून वळलेलं होतं, आवाज कुठून येतोय ते बघत. दुसऱ्या चढाला डोळे जड झाले. तिसऱ्याला, का चौथ्याला, आजीच्या पदरात धरलेली मूठ सुटली.

कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं आजी बाळाला पाळण्यात ठेवून आली, तोवर सून कामाला लागलेली होती. थंडोबा अजून मशीनमागे बसलेले.

"चांगल्या मशीनला उगाच धापा टाकायला लावतोय मी," ते बायकोला हळू आवाजात म्हणाले. जन्मभर निववण्याचाच धंदा होता त्यांचा.

"उगाच काय त्यात?" ती म्हणाली. "काम करतंय ना ते? मग ऐकू येऊ दे की."

थंडोबांनी डोकं भिंतीला टेकवलं आणि पंख्याचा पुढचा चढ ऐकला.

शुक्रवारी दुपारी घर त्या आवाजावर चाललं. आजीनं भाजी निवडली, ती सुद्धा चढाला भराभर आणि उताराला सावकाश, आपल्या नकळत. शेजारीण वाटी परत करायला आली आणि दारातूनच म्हणाली की काय हो, थंडोबांच्या घरचं मशीन एवढं बोंबलतंय? तिला आजीनं बाहेरच उभं करून सगळं सांगितलं, आणि सांगताना नवऱ्याला थोडं जास्तच श्रेय दिलं, जे ती त्याच्यासमोर कधी देत नाही. आत सून शेवटचा तुकडा बघत होती. जेलीफिशचा थवा वर वर जातो आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी पोचून प्रकाशात विरतो, असा तो शेवट. एका ठिकाणी प्रकाश लवकर पडत होता, तो तिनं मागं सरकवला. मग मशीन त्या विरण्याचं एकेक चित्र काढत बसलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा पंखा एकदा चढला, बराच वेळ वर राहिला, आणि उतरला. पुन्हा चढला नाही.

खोलीत शांतता झाली. सून पडद्याकडे बघत राहिली, तिला अजून काही व्हायचं बाकी आहे असं वाटत होतं. आणि पाळण्यातून एक बारीक कुरकुर आली, मग सरळ रडणं. काम संपल्याचं घरात सगळ्यांत आधी त्या पोरीला कळलं होतं.

सुनेनं आधी सगळं ऑफिसला पाठवलं, पडद्यावरची पाठवणीची पट्टी भरेपर्यंत ओठ दाताखाली धरून. मग उठली, बाळाला उचललं आणि तिथंच मशीनसमोरच्या सतरंजीवर आडवी झाली, बाळाला छातीवर घेऊन. गोल दालनात मुलं पडणार होती तशीच, छताकडे तोंड करून. ती बाळाला सांगत होती की बघ, वर पाणी असणार, आणि पाण्यात मोठी छत्री येणार, आणि तिच्यामागून छोटी, आणि. त्या "आणि"वर तिचं वाक्य थांबलं. तिची छाती वर जात होती, खाली येत होती. बाळ थोडा वेळ कुरकुरलं, मग त्यानं गाल टेकवला.

थंडोबांनी खिडकीचा पडदा आणखी ओढून घेतला. टेबलावर सुनेचा फोन थरथरायला लागला तो त्यांनी चटकन उचलला, त्यांच्या मानानं फारच चटकन, आणि बाहेर गॅलरीत आले. ऑफिसातल्या बाई होत्या. त्या भरभर बोलत होत्या. समुद्र मिळाला, सगळ्यांनी पाहिला, फार सुंदर झालाय, आणि पुढचं काम आकाशाचं आहे, तेही घरूनच करायचंय, तर ती कधीपासून सुरू करू शकेल तेवढं विचारायचं होतं, तिला देता का फोन जरा.

"झोपलीय," थंडोबा म्हणाले. "उठली की सांगतो."

"कोण, बाळ?"

थंडोबांनी दारातून आत बघितलं.

"दोघी."